पेटीचा घसारा

(परभणी येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या शिक्षकाने बाजाच्या पेटीवर बोलावे, ह्याचे आपणांस नवल वाटेल. परंतु सार्वजनिक पैसा कोठे अडतो हे समजण्यास भजनी मंडळाच्या पेटीइतके सुबोध उदाहरण मला दिसत नाही.

२०२५ साली राज्य शासनाने १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५,००० रुपये, म्हणजे एकूण साडेचार कोटी रुपये, देण्याचे जाहीर केले. गायनवादन ही केवळ शहरी सभागृहांची मिरास नव्हे, हे त्यातून मान्य झाले. त्याचे मी स्वागत करतो. मात्र ह्या मदतीचे नाव ‘भांडवली अनुदान’ असे आहे. भांडवल म्हटले की त्याच्या मागोमाग घसारा येतो. आपल्या अंदाजपत्रकांतून नेमका तोच गळतो.

पेटी मूळची आपली नव्हे. १८४२ साली पॅरिसमध्ये दबँ ह्या कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. पट्ट्या पियानोसारख्या, भाता पायाने चालणारा. पुढे कलकत्त्याच्या कारागिरांनी भाता हाताशी आणला आणि पेटी सतरंजीवर बसली. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, हा आक्षेप खोटा नव्हता. त्यापायी १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. तरीही खेड्यापाड्यांनी तिला सोडले नाही. का? तंबोरा दर वेळी जुळवावा लागतो आणि त्यासाठी तयार कान लागतो. पेटीत सूर लावण्याचे श्रम कारागिराने आधीच साठवून ठेवलेले असतात. म्हणूनच दिवसभर कापूस वेचून आलेली बाईदेखील जनाबाईचा अभंग सुरात म्हणू शकते. ज्ञानाची मिरासदारी मोडणारी ही लहानशी लोकशाहीच आहे.

परंतु साठवलेले श्रम खर्च होतात. हवेच्या झोताने पितळी जीभ वर्षानुवर्षे कंप पावते. पितळ थकते, सूर उतरतो, अखेर जीभ तुटते. उतरलेला सूर चढवण्यासाठी जिभेचे टोक किंचित घासावे लागते. चढलेला उतरवण्यासाठी मुळाशी घासावे लागते. हात अधिक पडला की सूर पुन्हा बिघडतो. आपल्या वैशाखात लाकूड आकसते, श्रावणात फुगते आणि पट्ट्या अडकतात. भात्याच्या घड्यांना चिरा जातात; कातड्याला उंदीर लागतात. हे सारे निस्तरणारा कारागीर मिळाला नाही, तर २५,००० रुपयांची पेटी देवळाच्या कोपऱ्यात लाल फडक्याखाली पडून राहते. मग कोणी पुढारी नवी पेटी देतो आणि हारतुरे घेतो. दुरुस्तीचे उद्घाटन होत नाही, हीच तिची अडचण आहे.

हा धडा मराठवाड्याला नवा नाही. शेजारच्या जालन्यात हातपंपाच्या रचनेत सुधारणा झाल्या, आणि अशा प्रयत्नांतूनच १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क २’ हा पंप आकारास आला. पण उत्तम पंपालाही दुरुस्तीपथक लागते, हे जिल्हा परिषदांना अनुभवाने शिकावे लागले. पाण्याच्या बाबतीत जे आपण मान्य केले, ते गाण्याच्या बाबतीत का नाकारावे?

माझ्या सूचना तीन आहेत. अनुदानाचा दहावा हिस्सा, म्हणजे मंडळामागे २,५०० रुपये, दुरुस्तीसाठी राखून ठेवावा; दहा मंडळे एकत्र आली तर २५,००० रुपयांचा सामाईक निधी उभा राहील. तालुक्यातील जुन्या कारागिरांच्या हाताखाली तरुणांना विद्यावेतनासह उमेदवारी मिळावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी ह्यात लक्ष घालावे. तिसरी सूचना आपल्या स्वतःसाठी आहे. देवाचे काम म्हणून कारागिराला चहा आणि नारळावर वाटेला लावण्याची रीत बंद करावी. त्याची मजुरी ठरवावी आणि ती रोख द्यावी.

येत्या सप्ताहाला आपण गंगाखेड, पालम, जिंतूरच्या गावोगावी जाल. भजनाला बसण्यापूर्वी पेटी उघडून पाहा. किती सूर मुके आहेत ते मोजा आणि ती यादी ग्रामसभेत मांडा. नव्या पेटीची मागणी त्यानंतर करू.