विज्ञानाच्या तासाला हात वर
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतलं मनोगत)

आज बचत-कर्जावर नाही, आपल्या हायस्कूलच्या लेकरांवर बोलायचंय.

मी नववीत होते. विज्ञानाच्या तासाला विचारलं, "सर, भिंगातून चित्र उलटं का दिसतं?" सर म्हणाले, "एवढंही कळत नाही?" वर्ग हसला. त्यानंतर मी हात वर केलाच नाही. विज्ञान आपल्या डोक्याबाहेरचं, असं मनात बसलं.

दहावीत दिवाळीनंतर नवीन मॅडम आल्या. त्यांनी विचारलं, "हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं?" सगळ्या पोरी ओरडल्या, "लाल!" मग त्यांनी हळदीचा कागद आमच्याच हातानं साबणाच्या पाण्यात बुडवून घेतला. लाल झाला. लिंबू पिळलं, परत पिवळा. साबण आम्लारीधर्मी, लिंबू आम्लधर्मी. चुकीच्या उत्तरालाही त्या "बरं, अजून विचार कर" म्हणायच्या. तेव्हा विज्ञान आवडायला लागलं, पण मी आर्ट्सचं ठरवून बसले होते. आर्ट्स वाईट नाही, त्यातूनच तुमच्यापर्यंत आले. पण ती निवड भीतीनं केली, याचं वाईट वाटतं. बी.एस्सी. नर्सिंग, फार्मसी, कृषी पदवी यांना बारावी सायन्स लागतं. ती दारं मी स्वतःच लावून घेतली.

आठवा, पहिल्यांदा बँकेत गेलो तेव्हा साहेबांपुढं तोंड उघडत नव्हतं. गटात कुणी हसलं नाही, ऐकून घेतलं, म्हणून आज आपण व्याजाचा दर विचारतो. लेकरांचंही तसंच असतं.

सरांनाही दोष देऊन भागत नाही. वर्गात पोरं भरपूर, पोर्शन संपवायची घाई. म्हणून भांडायला नको, बोलायला जाऊ. पालकसभेला एकटीनं नाही, गटातल्या चार-पाच जणी मिळून. मार्कांसोबत एवढंच विचारायचं: माझी पोर वर्गात प्रश्न विचारते का? प्रयोग स्वतःच्या हातानं करायला मिळतो का?

आणि घरी "आपल्याला कुठं विज्ञान कळतं" हे म्हणणं सोडू. दूध विरजतो, भाकरी फुगवतो, ते विज्ञानच आहे. रोज संध्याकाळी लेकीला विचारा, "आज सरांना काय विचारलंस?"

पुढच्या बैठकीत कोण कोण शाळेत जाऊन आलं, ते मी विचारणार आहे हं!