घाट कोणी बांधला?



लोणावळ्याची जुनी पेठ व बंगले बोरघाटामुळे उभे राहिले. १८३० साली गाडीरस्ता झाला, १८५६ साली रेल्वेचे काम निघाले. १८५९ मध्ये ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेका पुढे चालविला. १८६१ साली घाटात सुमारे ४२,००० मजूर राबत होते. पटकीने व अपघातांनी हजारोंचे प्राण गेले. २५ बोगदे पाडून १८६३ साली मुंबईची गाडी घाट चढली आणि धनिक मंडळी हवा खाण्यास येऊ लागली.

ट्रेडवेलबाईंचे नाव राहिले. पाटी वाहणाऱ्या बाईचे राहिले नाही. आपल्या मंदिराच्या फलकावर तसे होऊ नये. देणगीदारांच्या खाली श्रमदान करणाऱ्यांचीही नावे कोरावीत.