विचारसरणीची परीक्षा प्रवेशाच्या खिडकीपाशी

(अकलूज येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



राजकीय विचारसरणी जाहीरनाम्यात वाचायला मिळते. पण तिची परीक्षा होते महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या खिडकीपाशी. विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भार कोणी वाहायचा? समाजाने, शासनाने की पालकाने? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक विचारसरणी वेगळे देते आणि त्या उत्तरावर एका पिढीचे भवितव्य ठरते.

महाराष्ट्राने ही तिन्ही उत्तरे अनुभवली आहेत. पहिले समाजाचे. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा राज्य परक्यांचे होते. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवली, श्रम करून शिकली. समाजाच्या बळावर शिक्षण उभे करण्याचा हा संस्कार पुढे सहकारातही उतरला. अकलूजला सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने साखर कारखान्याच्या जोडीला शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या.

दुसरे उत्तर कल्याणकारी राज्याचे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना शुल्कमाफी मिळाली. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. मात्र अभियांत्रिकीच्या जागा तुटपुंज्याच राहिल्या आणि मराठी पालक देणगीच्या थैल्या घेऊन कर्नाटकाची वाट धरू लागले.

तेव्हा १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडले. हे तिसरे उत्तर. त्यामुळे खेड्यांतील असंख्य मुले अभियंते झाली, हे मान्यच करावे लागेल. पण शिक्षणाचा व्यापारही फोफावला आणि देणगीबंदीसाठी शासनाला १९८७ मध्ये कायदा करावा लागला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निम्म्या जागा सवलतीच्या शुल्काच्या ठरवल्या. २००२ मध्ये ती योजनाच रद्दबातल ठरली. नऊ वर्षांत न्यायाची व्याख्या पालटली आणि त्या हेलकाव्यात पालक भरडला गेला.

२००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. हा गौरव उचितच. परंतु अहिल्यादेवींनी बांधलेल्या घाटांवर आणि विहिरींवर कोणाची पत विचारली जात नव्हती. त्यांचे नाव घेणे म्हणजे ते व्रत घेणे होय.

२०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण मातृभाषेला स्थान देते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी दिली. ही दिशा स्वागतार्ह आहे. पण माफ केलेल्या शुल्काची रक्कम शासनाकडून संस्थेला वेळेवर पोहोचली नाही, तर तिची झळ शिकवण्यालाच लागते. नियमित प्राध्यापकाची जागा रिक्त राहते आणि तासिका तत्त्वावरचा तरुण वर्षानुवर्षे अल्प मानधनावर राबतो. शालेय मुलींच्या मोफत एसटी पासाची योजनाही अहिल्याबाईंच्याच नावाची; पास हाती असून गाडीच आली नाही, तर ते नाव केवळ कागदावर उरते.

विरोधकांचे राज्य असताना जे प्रश्न मोठ्या आवाजात विचारले, तेच प्रश्न स्वपक्षाचे राज्य असतानाही विचारणे हा कार्यकर्त्याचा धर्म आहे. शुल्काची प्रतिपूर्ती झाली का? मंजूर पदे भरली का? मुलीची गाडी वेळेवर येते का? प्रत्येक तालुक्यात एवढी विचारपूस नियमाने झाली, तरी पुष्कळ काम होईल.