शंखाचे वळण आणि औषधाचे रूप



साधा शंख आणि दक्षिणावर्ती शंख शेजारी ठेवले, तर फरक दिसतो तो वळणाचा. काही औषधांचे रेणूही असेच, एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असलेल्या दोन रूपांत आढळतात. लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये चिमट्याने स्फटिक निवडून अशी दोन रूपे वेगळी केली होती.

मेथअ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक द्रव्य त्यांपैकीच. त्याचे दक्षिणावर्ती रूप मेंदूला प्रखर उत्तेजना देते व व्यसन लावते. वामावर्ती रूपाचा मेंदूवरील परिणाम बराच सौम्य असतो. कंपवाताच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या सेलेजिलीनपासून शरीरात हेच वामावर्ती रूप तयार होते. त्यामुळे वर्षानुवर्षे नेमाने गोळी घेणाऱ्या वृद्धाच्या लघवीच्या प्राथमिक चाचणीतही अमली पदार्थाचा संशय उमटू शकतो. अशा वेळी घरच्यांवर काय प्रसंग ओढवेल, हे सांगायला नको.

मृत्यूनंतर प्रश्न अधिक नाजूक होतो. आसपासच्या अवयवांतील द्रव्य रक्तात उतरते आणि रक्तातील प्रमाण बदलते. कवटीत बंदिस्त असलेला मेंदू त्या मानाने सुरक्षित राहतो. मेंदूचा लहानसा तुकडा तोलून, वाटून त्यातील द्रव्य वेगळे काढतात. जड हायड्रोजनयुक्त असे तेच द्रव्य ठरावीक प्रमाणात आधी मिसळलेले असते. त्यावरून वाटेत किती गळाले, हे कळते. मात्र रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र येथे एकटे हतबल ठरते, कारण दोन्ही रूपांचे वस्तुमान सारखेच. म्हणून नमुना प्रथम अशा नलिकेतून सोडतात, जिच्यातील भरणच एका वळणाचे असते. एक रूप त्याला अधिक बिलगते व मागे रेंगाळते, दुसरे आधी बाहेर पडते; मग दोहोंची स्वतंत्र मोजणी होते.

आपल्याच जिल्ह्यात कुरकुंभ येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलिसांनी मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला. त्याचीही अशी दोन रूपे आहेत, आणि उंदरांवरील प्रयोगांत त्यांचे मेंदूतील परिणाम भिन्न आढळले आहेत.

ही चाचणी आमच्यासारख्या रुग्णालयात होत नाही. ते सुसज्ज प्रयोगशाळेचे काम. आमच्या हाती आहे ती अचूक नोंद. मावळातल्या पावसाळ्यात सर्दीची गोळी नसलेले घर विरळाच, आणि स्यूडोएफेड्रिनयुक्त गोळ्याही प्राथमिक चाचणीला क्वचित चकवतात. तेव्हा लोणावळा, कामशेत वा वडगावहून रुग्णाला आणताना घरातील सर्व औषधे, रिकाम्या पाकिटांसह, सोबत आणावीत, ही विनंती. प्राथमिक अहवालावर आम्ही ‘खातरजमा बाकी’ असा शेरा लिहितो. तो पुसला जाईपर्यंत नातेवाइकांनी रुग्णाला दोष देऊ नये, आणि आम्हीही देत नाही.