चार पानी पत्र आणि एक पानी पत्र

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



बडोद्यात मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे टिकते, ती केवळ जिव्हाळ्यावर नव्हे, अर्ज-विनंत्यांवरही टिकते. भाषिक अल्पसंख्याकांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय मिळावी, असे घटनेच्या ३५० अ या अनुच्छेदात म्हटले आहे. तरीही शिक्षकाची एक जागा भरून घेण्यासाठी आपल्या पूर्वसूरींनी किती खेटे घातले, हे शाळेची जुनी जावक-बुके चाळताना कळते. तीच चिकाटी आज मला आणखी एका कामासाठी मागायची आहे.

एप्रिलच्या दुपारी वरच्या मजल्यावरील वर्गात फळ्याकडे पाठ करून उभे राहिले, की मुलांच्या डोळ्यांत उत्तर नसते, ग्लानी असते. हे पाहून मी दोन वर्षांपूर्वी आपल्या लोकप्रतिनिधींना चार पानी पत्र लिहिले. वसुंधरा, भावी पिढ्या, ऋतुचक्र! एम.ए.ला मराठी घेतल्याचा सारा पुरावा त्यात होता. उत्तर आले : पत्र मिळाले, आभार. मला राग आला. पुढे पत्राची प्रत पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आले की त्यांनी नेमके काय करावे, हे मी कुठेच लिहिले नव्हते.

मग मी कायदा वाचायला बसले. मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्षी आणि वीजवाहिन्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकाचा हक्क मानला. मात्र या विषयाला वाहिलेला सर्वसमावेशक कायदा देशात नाही, हेही नमूद केले. असा कायदा एखाद्या खासदाराने मांडावा, हे आपल्याला सहज सुचते. परंतु स्वातंत्र्यानंतर खासगी सदस्यांची अवघी चौदा विधेयके संमत झाली आणि त्यांतले शेवटचे १९७० साली! शिवाय पक्षादेश निघाल्यावर मतदानाच्या दिवशी एकट्या सदस्याला फारशी मोकळीक उरत नाही. म्हणून गाठायचे ते त्याआधी : मसुदा हरकतींसाठी खुला असताना, विधेयक समितीपुढे असताना, किंवा प्रश्न विचारण्याची संधी असताना. प्रश्न विचारला गेला, की खात्याला उत्तर द्यावेच लागते. प्रश्नाची ही ताकद आम्हा शिक्षकांना वेगळी सांगायला नको.

ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. मोठ्या वीजग्राहकांनी ठरावीक वाटा कोळसा-तेलाव्यतिरिक्तच्या स्रोतांतून घ्यावा, अशी सक्ती करण्याची सोय तिच्यात आहे. मला मोलाचे वाटले ते दुसरे कलम. नव्या इमारतींसाठीची ऊर्जासंहिता साधारणपणे १०० किलोवॉट जोडभारापासून पुढे लागू होते. ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. आपल्यासारख्या शाळेचा भार त्याच्या कितीतरी खाली असतो. म्हणजे उद्या बांधली जाणारी शाळाही तशीच तापणार.

आपल्याच बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर १० मेगावॉटचे सौर पॅनेल उभे आहेत. २०१५ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस बान की-मून ते पाहून गेले. सहलीला मुलांना तिथे नेतो, तेव्हा परत येऊन तापलेल्या वर्गात बसवताना मला संकोच वाटतो.

यंदा मी एकच पान लिहिले. त्यात वर्गातले तापमान, पटसंख्या आणि एकच मागणी : शाळा व वसतिगृहांच्या नव्या इमारतींसाठी राज्याने ही भारमर्यादा कमी करावी, आणि विधानसभेत याबाबत प्रश्न विचारावा. या वेळी आभाराचे पत्र आले नाही. स्वीय साहाय्यकांचा दूरध्वनी आला. "बाई, तापमानाच्या नोंदी कोणी घेतल्या?" आठवीच्या मुलांनी, मी म्हणाले. त्यांनी वहीची प्रत मागवली. प्रश्न अद्याप विचारला गेलेला नाही.

एका शाळेच्या पत्राचे वजन ते किती? आपले माजी विद्यार्थी मात्र सुरतेपासून हैदराबादपर्यंत वेगवेगळ्या मतदारसंघांत राहतात. त्यांत अभियंते आहेत, वकील आहेत. माझ्या पत्रातली कायद्याची भाषा त्यांनी कठोरपणे तपासावी. इतकी वर्षे मी त्यांच्या वह्या तपासल्या, आता पाळी त्यांची. पत्राचा मसुदा आणि नोंदवहीची प्रत कार्यालयात ठेवली आहे. आपापल्या आमदारांचे नाव घालायची जागा कोरी सोडली आहे.