वारीनंतरची वाट

परभणी जिल्ह्यातील गोदातीरीचे गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. त्या ज्यांच्या घरी राबल्या, त्या संत नामदेवांच्या घराण्याचे नरसी बामणी हे गावही १९९९ पर्यंत याच जिल्ह्यात होते; आज ते हिंगोली जिल्ह्यात आहे.

ज्ञानेश्वर माउलींसमवेतची तीर्थयात्रा पूर्ण करून नामदेव पंढरीस परतले. १२९६ मध्ये माउली समाधिस्थ झाले. यापुढे विठ्ठलचरणी स्वस्थ बसण्याचा नामदेवांना पूर्ण अधिकार होता. परंतु त्यांनी पुन्हा प्रस्थान ठेवले आणि परंपरेनुसार ते पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचले. उत्तरेच्या बोलीत रचलेली त्यांची ६१ पदे आजही गुरू ग्रंथसाहिबात आदराने गायिली जातात. पहिल्या यात्रेत तीर्थे घडली. दुसरीत समाज जोडला गेला.

वारीत वारकरी एकमेकांच्या पायी मस्तक ठेवतात. तेथे जात विचारली जात नाही. मात्र पताका घरी ठेवताच अनेकांना ही समरसता परकी होते. ज्याच्या चरणी मस्तक ठेवले, त्याच्या वस्तीची वाट वर्षभर जो चालत नाही, त्याची वारी अर्ध्यावरच राहिली. नामदेवांचा वारसा सांगणाऱ्याने पंढरीहून परतताच हे दुसरे प्रस्थान ठेवावे.