रात्रपाळीची झोप



साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की काम तीन पाळ्यांत अहोरात्र चालते. रात्रपाळीचा कामगार सकाळी घरी परततो, तेव्हा गावाचा दिवस सुरू झालेला असतो. त्याने झोपावे कसे, हा त्याच्या एकट्याचा प्रश्न आहे, असे मी मानत नाही.

शरीराचे घड्याळ सूर्यप्रकाशावर चालते. पहाटे देहाचे तापमान उतरते, डुलकी येते आणि यंत्राजवळ अपघाताचा धोका वाढतो. दिवसा मात्र तेच घड्याळ झोपू देत नाही. म्हणून खिडकीवर जाड गोधडी टांगावी. पाळीच्या उत्तरार्धात चहा टाळावा, कारण त्याचा अंमल कित्येक तास राहतो. सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पाळी बदलली तर शरीराला सोसते. तक्ता आखणाऱ्यांनी एवढे पाहावेच. रात्रपाळीचे काम बहुधा कर्करोगास कारणीभूत ठरते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये दिला आहे.

आता गावाकडे वळू. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये ध्वनिक्षेपकावर सर्वसाधारण बंदी आहे ती रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत. दिवसा झोपणाऱ्यास हे संरक्षण नाही. तथापि ध्वनिक्षेपकास दिवसाही लेखी परवानगी लागते आणि निवासी भागात मर्यादा ५५ डेसिबलची आहे, याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो. हंगामापुरते सकाळी ९ ते दुपारी २ लग्नाचे, देवळाचे आणि (हेही सांगितले पाहिजे) पंचायतीचे स्वतःचे कर्णे बंद ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत आणता येईल. शिक्षकांनी वर्गात एवढेच विचारावे, की आज कोणाच्या घरी दिवसा कोणी झोपले आहे?